आवाज येत होता, चित्र नव्हतं: टीव्ही दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

आमचा टीव्ही २०१५ साली घेतलेला. ४० इंची, फुल एचडी, रोज चार-पाच तास चालणारा. तो एकदम बंद पडला नाही. आधी एखाद्या संध्याकाळी लावला की चित्र क्षणभर दिसायचं आणि पडदा काळा व्हायचा. आवाज मात्र चालू. बंद करून पुन्हा लावला की ठीक. मग दोन-दोनदा बंद-चालू करावं लागायला लागलं, मग चार-चारदा. एके दिवशी बाबा म्हणाले, "अगं, आज काही केल्या उजेडच येत नाहीये त्याला."

बाबा "चित्र येत नाही" म्हणाले नाहीत, "उजेड येत नाही" म्हणाले. त्यांचा शब्द किती अचूक होता ते मला दोन दिवसांनी कळलं.

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: दहा वर्षं झाली, आता नवा घ्या. माझंही मन तिकडेच झुकत होतं. पण बाबांना त्या टीव्हीचा रिमोट न बघता वापरता येतो, कुठलं बटण कुठे आहे ते बोटांना पाठ आहे. त्यांची नजर आता अधू आहे. नव्या टीव्हीत पडदा लागताच चित्रांच्या चौकटींची रांग येते, त्यातून वाट काढत चॅनेलपर्यंत जायचं. त्यांना ते जमलं असतंही, पण त्यांच्यासाठी घाईघाईने निर्णय घ्यायची माझी तयारी नव्हती.

पहिला मेकॅनिक आला. त्याने टीव्ही लावला, आवाज ऐकला, काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पॅनेल गेलंय ताई. यात पैसे घालू नका." पाच मिनिटांत काम संपलं. मागचा एक स्क्रूसुद्धा त्याने काढला नव्हता, आणि तेच मला खटकलं. पॅनेल खरंच गेलं असेल तर तो बरोबर होता. समोरची काच आणि तिच्यातला पडदा हा टीव्हीतला सर्वांत महाग भाग, तो बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका होतो. पण उघडून न बघता ते ठरवलं कसं?

त्या रात्री मी खोलीतले सगळे दिवे घालवले, टीव्हीवर बातम्या लावल्या आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) काचेजवळ तिरकी धरली. उजेडाच्या त्या लहानशा गोलात निवेदिकेचा खांदा दिसला. खाली सरकवली तर निळी पट्टी आणि तिच्यावरून पळणारी अक्षरं. अगदी फिकट, पण पूर्ण आणि स्वच्छ. बॅटरी फिरवत मी अख्खा पडदा तुकड्या-तुकड्याने पाहिला. कुठेही उभी रेघ नाही, डाग नाही. चित्र सगळंच्या सगळं तिथे होतं, ते अंधारात होतं इतकंच.

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तोही एलसीडीच असतो. पुढच्या पडद्यातले २० लाखांहून जास्त ठिपके म्हणजे उघडझाप करणाऱ्या बारीक खिडक्या, आणि उजेड येतो मागच्या एलईडीच्या पट्ट्यांमधून. चित्र बॅटरीत दिसतंय याचा अर्थ पॅनेल चांगलं आहे, चित्र तयार करणारा मदरबोर्डही चांगला आहे. बिघाड उजेडात आहे, म्हणजे पट्ट्यांमध्ये किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागात. (ओएलईडी पडद्याला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवे नसतातच.)

दुसऱ्या मेकॅनिकला मी फोनवरच विचारलं, "बॅकलाइटच्या पट्ट्या बदलता का? आणि उघडल्यावर मी बघितलं तर चालेल का?" तो म्हणाला, "या की, शेजारी बसा." त्याने आधी मागच्या स्टिकरचा फोटो मागवला, पण पट्ट्या मागवण्यासाठी तेवढ्यावर विसंबला नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपनी वेगवेगळी पॅनेल बसवते, त्यामुळे पट्टीवर छापलेला नंबर वाचल्याशिवाय तो माल मागवत नाही. ते ऐकूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

टेबलावर जाड घोंगडी, तिच्यावर पालथा टीव्ही. मागचं झाकण काढल्यावर त्याने सगळ्यात आधी पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर रिकामा करून घेतला. प्लग काढल्यानंतरही त्यात ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. म्हणूनच माझं सांगणं आहे की बॅटरीची परीक्षा घरी खुशाल करा, पण झाकण घरी उघडू नका. मग पॅनेल उचलायला तो आणि त्याचा मदतनीस असे दोघं लागले. एवढी मोठी काच आणि जाडी कागदी पुठ्ठ्याची असावी तशी. कडेच्या नाजूक रिबिनींना ताण बसला तर चांगलं पॅनेलही तिथेच संपतं. खालचे पांढरे, दुधी कागद त्याने ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बाजूला रचले.

खाली पाच पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर आठ दिवे, प्रत्येक दिव्यावर पारदर्शक वाटीसारखं भिंग. सगळे एका माळेत जोडलेले. त्याने टेस्टरच्या दोन सुया एकेका दिव्याला लावल्या. लागला, लागला, लागला. तिसऱ्या पट्टीवरचा सहावा लागला नाही. भिंग काढून दाखवलं तर पिवळ्या चौकोनाच्या मधोमध मोहरीपेक्षा लहान काळा ठिपका. माळेतला एक तुटला की सगळी माळ विझते, आणि ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज देणारा भाग, बिघाड ओळखून वीजच तोडतो. सुरुवातीला चित्र क्षणभर दिसून जात होतं ते यामुळेच. तो दिवा जळण्याच्या बेतात होता, कधी जोडला जायचा, कधी तुटायचा.

एकच दिवा बदलायचा, तो शॉर्ट करून, म्हणजे वगळून, माळ पुढे चालवायची, की पाचही पट्ट्या नव्या घालायच्या? मी पाचही म्हणाले. उरलेले ३९ दिवे तेवढेच तास जळलेले होते. आज एक बदलला असता तर काही महिन्यांनी दुसरा गेला असता, आणि धोका खरा आहे तो पॅनेल दरवेळी उचलण्यात. पॉवर सप्लायवर एका छोट्या कपॅसिटरचा माथा किंचित फुगलेला दिसला, तोही बदलून घेतला.

हिशेब आला नव्या टीव्हीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली तर नवा घ्यावा असं बरेच जण सांगतात, आणि ढोबळ म्हणून ते ठीक आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते कुठला भाग गेलाय हे. पडद्यावर उभ्या रेघा असत्या, काच तडकलेली असती, तर मी दुसऱ्या माणसाला बोलावलंच नसतं. टीव्ही लोगोवरच अडकला असता आणि त्याचा मदरबोर्ड मिळत नसता, तरीही नाही. फोर-केचा मोहही मी नीट तपासला. ठिपके चौपट खरे, पण आम्ही ४० इंची पडद्यापासून दहा फुटांवर बसतो, तिथून तो फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. टीव्हीतली अ‍ॅप्स जुनी होऊन कधीच बंद पडली होती, त्यावर एचडीएमआयला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक पुरते.

मात्र मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं आणि मलाही ते मान्य आहे: पॅनेल दहा वर्षांचंच आहे. पुढचा बिघाड त्यात झाला तर आम्ही दुरुस्तीच्या मागे लागणार नाही. पट्ट्यांवर त्याने तीन महिन्यांची हमी लिहून दिली.

घरी लावल्यावर चित्र जरा निळसर वाटलं. नव्या पट्ट्यांचा पांढरा थोडा थंड असतो, रंगाची सेटिंग वॉर्मवर नेली की चेहरे पूर्ववत दिसायला लागले. दुसरं काम मेकॅनिकने बजावून सांगितलं होतं. सेटिंगमध्ये बॅकलाइट इतकी वर्षं १०० वर होता. दिवे जळतात ते उष्णतेने, आणि सतत पूर्ण जोरावर ठेवले तर लवकर जळतात. त्याच्याच खाली ब्राइटनेस नावाची वेगळी सेटिंग आहे. आमच्या टीव्हीत ती फक्त चित्रातला काळा रंग कमी-जास्त करते, दिव्यांचा जोर तिने घटत नाही, आणि मी इतकी वर्षं तीच कमी करत आले होते.

बॅकलाइट ५० वर आणला तर बाबा म्हणाले दुपारी खिडकी उघडी असताना दिसत नाही. ६५ वर दोघांचं जमलं. चार महिने झाले, टीव्ही पहिल्या झटक्यात लागतो.