उद्यम नंबर नसलेल्याचं बिल

महिनाअखेर आलीय, उद्या पेमेंटची यादी फायनल करायची, म्हणून डोक्यात जे चाललंय ते लिहून ठेवतोय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवायचं छोटं युनिट आहे, मी आणि चुलत दादा पार्टनर. एका मोठ्या पार्टीकडची जुनी थकबाकी या आठवड्यात एकदम जमा झाली आणि दादाचं म्हणणं असं की जॉबवर्कवाल्यांना, म्हणजे आमचं काम बाहेरून करून देणाऱ्यांना, लगेच कशाला द्यायचे, बेंडिंगवाला थांबेल, पावडर कोटिंगवाला पण थांबेल, तेवढे दिवस पैसे शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये फिरवू, नाहीतर सिंहस्थाच्या तोंडावर एखाद्या प्लॉटचं टोकन टाकू.

दादा वाईट माणूस नाही हे आधी लिहितो. दोन मुलींची फी, घराचा हप्ता, हेच त्याच्या डोक्यात असतं. लोभ जबाबदारीचे कपडे घालून येतो, म्हणून तर तो ओळखायला इतका अवघड जातो. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी बघा ना, त्याने कुठे चोरी केली होती, जमीन पिकली आणि कोठारं कमी पडली इतकंच. पण त्याचं मनातलं बोलणं नीट वाचलं तर सगळं माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि त्या पूर्ण विचारात दुसरं एकही माणूस येत नाही. पेरणारे, कापणारे, ओझी वाहणारे कुणीच नाही. मला तिथेच भीती वाटते.

ऑप्शन्सचं तर सोडूनच द्या. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. आणि इथे तर पैसे पण दुसऱ्याचे.

हो, दुसऱ्याचेच. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं तेव्हापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं वेळेत द्यावी लागतात, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, नाहीतर पैसे देईपर्यंत आयकरासाठी तो खर्च उत्पन्नातून वजा धरता येत नाही. आता आमच्या कोटिंगवाल्याकडे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नाहीच, म्हणून दादा म्हणतो याला थांबवलं तर आपल्याला कायद्याने काहीच लागत नाही. या कलमापुरतं कदाचित बरोबर असेल त्याचं. पण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या म्हटलंय, तो आपला असो की परका, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलाय. तिथे कुणी नंबर विचारत नाही. कोटिंगवाला मजूर नाही हे मान्य, पण त्याच्याकडची पोरं आमच्याच बिलावर आठवड्याचा पगार बघतात. द्राक्षाच्या सीझनला निफाड-दिंडोरीकडे व्यापारी शेतकऱ्याचे पैसे बुडवून पळाले अशा बातम्या येतात तेव्हा आपण सगळे किती चिडतो, मग वेळेवर न देणं हे त्याच रस्त्यावरचं अलीकडचं गाव नाही का?

आम्ही नाशिकमध्येच शरणपूरला चर्चमध्ये आराधनेला जातो. १९ व्या शतकात ख्रिस्ती मिशनने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथेच ठेवली, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. कुणीतरी त्या लेकरांचाही नफा-तोटा मांडला असेलच की. त्या जागी बसून प्रार्थना करायची आणि कामावर जाऊन दुसऱ्याचा घाम अडकवून ठेवायचा, हे मला जमणार नाही.

लूकमधलाच जकातदार जक्कय मला यासाठी आवडतो की त्याने पश्चात्ताप आकड्यांत सांगितला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. म्हणून मीपण आकड्यांतच बोलणार. सगळ्या जॉबवर्कवाल्यांना १५ दिवसांत पैसे, उद्यम असो नसो. त्यातून उरेल ते बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यात, म्हणजे व्याज तरी नक्की वाचेल. दादा चिडेल, त्याचा राग मी सहन करीन, मोठा भाऊ आहे. वर्षअखेरीला नफ्यातला त्याचा हिस्सा त्याने काढावा आणि हवं तिथे लावावा, त्यात मी बोलणार नाही. पण कोटिंगवाल्याचा चेक उद्या जाईल, आणि त्यावर माझी सही आधी असेल.