चेडूं पावलें?

मुलीचं इंग्लंडातल्या लेस्टरचं तिकीट काढलं त्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "लंडन किती लांब गो?"

नेटवर उत्तर तयार असतं: गोव्याचा मोपा विमानतळ ते लंडनचा गॅटविक सुमारे ७,५५० किलोमीटर, नऊ तास. हे नऊ तास कसे येतात? अंतराला ताशी ९०० ने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, झालं! वाऱ्याचा त्यात पत्ताच नसतो. फोंड्याहून मोपाला जायला लागणाऱ्या दीड तासाचा तर नाहीच.

धाकट्याचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता. त्यावर शिवणाचा दोरा ताणून बघितला. मला वाटलं, दोरा अरबस्तानावरून जाईल. भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं ना. पण तो इराणवरून वर चढला, काळा समुद्र ओलांडून युक्रेनला घासून गेला. २०२२ पासून तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद, म्हणजे हा सर्वांत जवळचा रस्ता आता कागदावरच.

आमची मुलगी मात्र कतारच्या दोहावरून गेली. मोपा-दोहा आणि दोहा-लंडन मिळून जेमतेम २०० किलोमीटर जास्त. इथून रस्त्याने कोल्हापूर गाठण्याइतकं. अंतर वाढतच नाही म्हणा ना, वाढतो तो दोहाच्या बाकड्यावरचा वेळ. ती तिथे पावणेतीन तास बसली आणि एका सँडविचला दिलेले पैसे ऐकून मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

खरा घोटाळा घड्याळाचा. तिकिटावर सुटण्याची वेळ पहाटे साडेचार आणि पोहोचण्याची दुपारी पावणेदोन. सासूबाईंनी बोटांवर मोजलं, सव्वानऊ तास. पावणेदोन वाजल्यापासून त्यांचं कोकणीत सुरू झालं, "चेडूं पावलें?" म्हणजे पोरगी पोहोचली का? पावलं कुठलं, तेव्हा विमान तुर्कस्तानच्या आसपास असेल. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, आणि ऑगस्टात लंडन आपल्या साडेचार तास मागे. पोरगी उतरली तेव्हा आमच्याकडे देवापुढे दिवा लावायची वेळ होत आली होती, सव्वासहा. पावणेचौदा तास. पुढे लेस्टरपर्यंतची बस वेगळीच.

येताना दोहापर्यंतचा टप्पा अर्ध्या-पाऊण तासाने लवकर आटपला. तिकडे वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. सासूबाईंना हे लगेच पटलं; नारळाच्या होडीवर वाढलेल्या त्या, शिडाचं गणित त्यांना मला सांगावं लागत नाही.

आता स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत, एक इथलं, एक लंडनचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. गेल्या खेपेला आमच्याकडचं लंडनचं घड्याळ मागे करायचं राहिलं. सासूबाईंनी तिकडचे आठ वाजलेले बघून फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मग मुलगी म्हणाली, "आजी, सात वाजलेत गो, आणि आज आयतार."