आईचं घड्याळ पुढं आहे

परवा घरी गेले होते तेव्हा स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर लावायला घेतलं, ते कायम पाच मिनिटं पुढं असतं, तर आई म्हणाली, "राहू दे गं, यष्टी चुकती मग." आता तिला कुठली यष्टी धरायचीय, पण मी काही न बोलता ते परत खिळ्याला अडकवलं. सांगलीत आल्यापासून मात्र ते डोक्यातून जातच नाहीये.

कारण आईचं घड्याळ खरंच माझ्या पुढं चालतं. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये मांडलं त्याप्रमाणे पृथ्वीच्या जितकं जवळ तितका वेळ हळू, आणि सांगली साडेपाचशे मीटरवर, तर आमचं घर महाबळेश्वरच्या अंगाला, म्हणजे सांगलीपेक्षा आठेकशे मीटर वर. टोकियोच्या स्कायट्री टॉवरवर ४५० मीटर वर एक आणि खाली एक अशी घड्याळं ठेवून मोजलंय, वरचं दिवसाला चारेक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे चारेक अब्जांश, पुढं गेलं, २०२० ला ते छापून आलं. त्या हिशेबाने आई दर वर्षी माझ्यापेक्षा अडीच-पावणेतीन मायक्रोसेकंद जास्त जगते, एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद. एवढ्यात पापणीसुद्धा लवत नाही, कळतं मला, तरी लागलं मनाला. ती पुढं चाललीय आणि मी इथं खाली बसलेय, रोज थोडी थोडी मागं पडत.

आणि अवकाश वाकतं म्हणून सगळे ताणलेल्या चादरीचं चित्र दाखवतात, पण आपल्या रोजच्या पडण्या-झडण्यात खरी करामत वेळेच्या वाकण्याची असते, सुटलेली वस्तू वेळ जिकडं हळू तिकडं जाते. परवा आईच्या हातून आमटीची वाटी सुटून खाली पडली, तीही त्यामुळंच, मग फरशीवर गोल फिरत चुलीपाशी जाऊन थांबली. हात का थरथरतो ते आत्ता नको.

रात्री वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणाऱ्या आडवाटेचं, वाचत बसले. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये गणितातून असा पूल काढला, मला वाटलं बघा, आहे की वाट! पण १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशसुद्धा पलीकडं पोचत नाही. उघडा ठेवायचा तर ऋण ऊर्जेचं काहीतरी लागतं, आणि तेवढं ते कुणाकडंच नाही. रडू आलं, खरंच.

मग सकाळी जरा बरं वाटलं. कराड, सातारा, मेढा, केळघरचा घाट, हाच रस्ता आहे आणि तो मिटत नाही, पावसाळ्यात दरड पडली तर एखादा दिवस. वर तिच्याजवळ असते तेवढे दिवस आमचा दोघींचा वेळ एकाच चालीने जातो, हे पण त्याच गणितात आहे. शुक्रवारी ऑफिसमधून तशीच निघते. आणि तिला साताऱ्याला डॉक्टरांकडं नेतेच या वेळी, दादा येवो न येवो.