वहीतली शेवटची तारीख 11 मार्च

व्हीबीएस संपवून घरी आले त्या दुपारी दिवाणाखाली लेकाची गणिताची वही सापडली. शेवटची तारीख 11 मार्च. अर्ध्यावर सोडलेलं अपूर्णांकाचं उदाहरण आणि त्याखाली पेन्सिलीनं काढलेली पाल, शेपटीसकट. व्हीबीएस संपलं 10 मेला. म्हणजे दोन महिने आमच्या घरच्या शाळेत गणित झालंच नव्हतं, आणि या शाळेची बाई मीच.

व्हीबीएस म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांसाठी भरणारी बायबल शाळा. नागपूरच्या मे महिन्यात ती सकाळी सात ते दहाच. त्यानंतर लेकरं बाहेर ठेवायची कोणाची छाती नाही. दहा दिवसांचंच काम, पण पाळकसाहेबांनी फेब्रुवारीतच माझ्या गळ्यात घातलं. शिक्षकांच्या बैठका, कृतिगीतं, क्राफ्टचे कागद, 140 लेकरांचे पोहे आणि सरबत. मी आनंदानं हो म्हटलं होतं. (नाही म्हणता न येणं हा माझा जुना आजार.)

पुढच्याच सोमवारी मी चार्टपेपरवर झोकात वेळापत्रक लावलं. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, सगळं. बुधवारी ते फाटलं, म्हणजे कूलरच्या वाऱ्यानं खरोखरच फाटलं आणि कोणी परत चिकटवलं नाही. त्या दिवशी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मम्मी, आज तुझी मीटिंग नाही का?" विचारण्यात काळजी नव्हती, आशा होती. माझ्या मागे आजीसोबत कॅरम रंगायचा ना!

रात्री सासूबाईंजवळ रडले. त्या म्हणाल्या, "अगं, एकदम सगळा पसारा कशाला मांडतेस? आधी घरची प्रार्थना तरी सुरू कर." ते मला जास्त लागलं. लोकांच्या 140 लेकरांकडून रोज सुवर्णवचन पाठ करून घेत होते आणि आमच्या घरची सकाळची प्रार्थना मार्चपासून बंद होती. कोणी मुद्दाम बंद केली नव्हती. मी सहालाच बाहेर पडायचे, एवढंच.

मग पहिला आठवडा फक्त तेच. साडेसहाला गच्चीवर चटई, एक स्तोत्र, एक गीत, प्रत्येकानं एक वाक्य प्रार्थना. खाली कूलरच्या घरघरीत ओरडून वाचावं लागतं, म्हणून गच्ची. दुसऱ्या आठवड्यात मराठी वाचन आणि एक पान लेखन. गणित जूनमध्ये.

मधल्या काळात मुलं काहीच शिकली नाहीत असंही नाही. एका बाटलीचे 20 ग्लास तर 140 लेकरांना सात बाटल्या, हा सरबताचा हिशेब लेकानंच केला होता. पण ते अपूर्णांक नव्हेत, आणि मी स्वतःची तशी समजूतही घालणार नाही. टरबूज कापून आठवे भाग दाखवले तेव्हा कुठे गाडी हलली.

मला ढिलं राहून चालणारही नाही. लेक पुढच्या वर्षी चौदाचा होईल. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदाव्या वर्षापासून देता येते. शाळेचा दाखला नसला तरी आपला अभ्यास पुरेसा झाला आहे असं स्वतः लिहून देता येतं. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 'शाळेत न जाता दहावी कशी?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून माझं तोंड दुखलं आहे.

एक दिवस तो सेमिनरी हिल्सवरून काळा दगड घेऊन आला. बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. (या आकड्यावरून आमच्या घरात दोन मतं आहेत, ते असो.) मी त्याला स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगितली. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या गावात आहे ते हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मकार्य आणि शाळा सांभाळून इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा करायचे. 1863 मध्ये पुराच्या पाण्यात बुडून गेले. लेकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं मंडळीचं काम असून त्यांना दगडांसाठी वेळ कसा मिळायचा?"

मी दगड उलटसुलट करून बघत राहिले.

परवा उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुम्हीच ना?" मी म्हटलं, "साहेब, क्राफ्टचं बघीन. तेवढंच." तोंडातून निघेपर्यंत मलाही खरं वाटत नव्हतं.

11 मार्चच्या उदाहरणाखाली आता 19 जूनचं उत्तर आहे. पाल मात्र त्यानं खोडू दिली नाही.