ओट्सचा चौथा घाणा: चिकटा गेला, फेस धरला

ओट्स घातलेल्या माझ्या जवाच्या पेयाच्या चौथ्या घाण्याची पहिली बाटली आज सकाळी उघडली. काचेच्या ग्लासात ओतली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. दोन बोटं फेस आला, आणि चार मिनिटांनी त्यातला बोटभर अजून तसाच होता. पहिल्या घाण्याचा फेस ग्लास ओठाला लावेपर्यंत विरला होता, त्यामुळे आज फार आनंद झाला.

माझी नोंद पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी साताऱ्यात घरी मोड आणलेल्या जवाचं, आलं घातलेलं फसफसतं पेय करते. मोड आणून वाळवलेल्या या जवालाच माल्ट म्हणतात. रीत सगळी बिअरची, पण परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. म्हणून आंबणं थोपवायला चोवीस तासांतच बाटल्या फ्रीजमध्ये जातात. या वेळी हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी; साखरेचं अल्कोहोल होईल तसा आकडा उतरतो) 1.018 वरून 1.013 वर आला, म्हणजे अल्कोहोल पाऊण टक्क्याच्याही आत.

ओट्सकडे वळले ते पेयाला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, यावा म्हणून. नुसत्या जवाचं पेय चवीला बरं, पण जिभेवर पाण्यासारखं निसटतं. बिअरवाले यावर ओट्सच घालतात. इंग्लंडमधली ओटमील स्टाउट (ओट्स घातलेली काळी बिअर) जवळजवळ लयाला गेली होती, ती सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीने 1980 मध्ये पुन्हा काढली. हल्लीच्या गढूळ आयपीएमध्येही (हा बिअरचाच एक प्रकार) ओट्स बहुधा असतातच. प्रमाण साधारण धान्याच्या 5 ते 20 टक्के.

मी दुसऱ्या घाण्यात उत्साहाने 500 ग्रॅम माल्टला 200 ग्रॅम ओट्स घातले आणि पुरती फसले. मलमलीच्या फडक्यातून थेंब गळेना. चमचा फिरवला की तार सुटायची, भेंडी चिरताना सुटते तशी. अडीच तास फडकं धरून, पिळून पिळून जेमतेम तीन लिटर निघालं, तेही पेजेसारखं. तिसऱ्यात ओट्स निम्मे केले. गाळायला दीड तास लागला आणि फेस पुन्हा बेताचाच.

हा चिकटा म्हणजे बीटा-ग्लुकन. ओट्सची लापशी ज्याच्यामुळे बुळबुळीत होते तेच. जवाच्या माल्टमध्ये त्याला तोडणारी एन्झाइम्स असतात, पण ती 40 ते 45 अंशांना नीट काम करतात आणि साठीच्या पुढे गेली की मरतात. मी मात्र धान्य थेट 66 अंशांच्या पाण्यात टाकत होते, म्हणजे त्यांना कामाला लागायच्या आधीच मारत होते. पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्स वेगळी, त्यांना 62 ते 70 अंश मानवतात. आणि पाकिटातले चपटे ओट्स आधीच वाफवलेले असतात. त्यामुळे ते वेगळे शिजवावे लागत नाहीत, पण त्यांची स्वतःची एन्झाइम्सही उरलेली नसतात. सगळा भार माल्टवर.

म्हणून या वेळी आधी 45 अंशांचं सव्वा लिटर पाणी, त्यात 500 ग्रॅम माल्ट आणि 100 ग्रॅम ओट्स, पातेल्याला गोधडी गुंडाळून वीस मिनिटं. मग लिटरभर उकळतं पाणी हळूहळू ओतत 66 वर आणलं. (सातारा बऱ्यापैकी उंचावर आहे, इथे पाणी 98 च्या अलीकडेच उकळतं. थर्मामीटर बिघडलाय असं समजून मी एक फेकूनही दिला होता.) चाळीस मिनिटांनी पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेतला, त्यावर टिंक्चर आयोडीन टाकलं तर रंग शाईसारखा निळाकाळा. पिष्ट अजून शिल्लक. सत्तर मिनिटांनी पुन्हा पाहिलं, आयोडीन आपल्या तपकिरी रंगावरच राहिलं. मगच गाळायला घेतलं.

गाळण्याची युक्ती मात्र मेढ्याच्या आत्याची. तिने आयुष्यभर नाचणीचं सत्त्व काढलंय. माझी पिळापिळ ऐकून फोनवर म्हणाली, "पिळू नगंस बाय, पिळलं की सगळा चिकटा खाली येतो. निथळू दे आपापलं." शिवाय तिकडच्या भातगिरणीतून पिशवीभर तूस पाठवून दिलं. बिअरवालेही ओट्स आणि गव्हाच्या मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीत) भाताचं तूसच मिसळतात, धान्याचा गठ्ठा बसत नाही आणि पाण्याला वाट राहते. मी दोन मुठी तूस धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून मिसळलं. फडक्याऐवजी पुरणाची चाळण, तिच्यावर एकपदरी मलमल, आणि हात लावला नाही. वरून गरम पाणी सोडत सहा लिटर रस पस्तीस मिनिटांत खाली आला. शेवटी शेवटी तर इतका स्वच्छ की पातेल्याचा तळ दिसत होता.

भरडणंही बदललं. मिक्सरमध्ये जवाची सालं पिठासारखी होतात आणि गाळणीच बुजते. शेजारच्या काकूंचं जातं मागून आणलं. खुंटा ढिला ठेवून फिरवलं की दाणा फुटतो आणि साल अख्खी राहते. मोड आणायला जव सालासकटच हवेत, किराण्यातले पॉलिश केलेले रुजत नाहीत. मी घटस्थापनेच्या सामानाच्या दुकानातून घेते.

ओट्स मात्र आधी कढईत कोरडे भाजले, मंद आचेवर बारा मिनिटं, बिस्किटाचा रंग येईपर्यंत. भाजून दोन दिवस उघड्यावर ठेवले. ताजे वापरले तर कडवट, जळकट वास उतरतो असा तिसऱ्या घाण्याचा अनुभव. पेयात आता बेसन भाजताना घरभर सुटतो तसा खमंगपणा आहे, आणि त्यामागून सातारी आलं झणझणतं. उकळी वीस मिनिटं, आलं 60 ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत, गार झाल्यावर आल्याच्या विरजणाची (आलं आणि साखर पाण्यात आंबवलेली) वाटी. भरताना एक बाटली सोडावॉटरची प्लॅस्टिकची ठेवते. ती दाबून दगडासारखी लागली, म्हणजे आत पुरेसा वायू भरला, की सगळ्या फ्रीजमध्ये.

पुढचा प्रयोग सालासकट ओट्सला मोड आणण्याचा. आमच्याकडे ओट म्हटलं की म्हशीचा चारा. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते पोटात जाता कामा नये. फलटणकडच्या एका शेतकऱ्याने स्वतःच्या रानातलं, औषध न लावलेलं दोन किलो द्यायचं कबूल केलंय. साल अंगचीच असल्यामुळे कदाचित तूसही लागणार नाही. कुणी चाऱ्याच्या ओटाला मोड आणले असतील तर किती दिवस लागले आणि कुबट वास आला का, तेवढं जरूर सांगा.