पिणारा नवरा, मग सभेला तुम्ही का जाता?

माझ्या नवऱ्याच्या दारूविषयी ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील अनेकजणी, विशेषतः ज्यांच्या घरी तेच चालले आहे अशा, आवाज खाली आणून मला विचारतात की पिणारा तो आहे, तर दर आठवड्याला अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या, सभेला तुम्ही का जाता आणि अशी सभा सापडते तरी कुठे. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दारू पिणाऱ्याच्या बायकोला सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. कोणी म्हणते पंढरीला नेऊन माळ घाला, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावते, आणि ‘व्यसनी माणसाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तर भिंतीभिंतीवर दिसतात. माळेने काहींची दारू सुटलेली मी पाहिली आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जेवणातून गुपचूप पावडर देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामसारख्या गोळीवर दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो, आणि म्हणूनच डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. या साऱ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान असते : त्याला सुधारण्याचे काम बायकोकडे येते. मीही ते काम मन लावून करत असे. बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवत असे, आणि तो खुणेपर्यंत पाणी भरून ठेवत असे. दोघांच्याही संध्याकाळी त्या एका बाटलीतच जात होत्या.

मी जाते ती सभा अल-अ‍ॅनॉनची. पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहावे यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली, जिला सगळे एए म्हणतात. नवरे सभेत बसलेले असताना बाहेर थांबणाऱ्या बायकांच्या लक्षात आले की आपल्यालाही बोलण्याची गरज आहे, आणि त्यातूनच १९५१ मध्ये एएच्या एका संस्थापकाच्या पत्नीने, लॉइस विल्सन यांनी, एका मैत्रिणीसह अल-अ‍ॅनॉनची स्थापना केली. तिथे येण्यासाठी जवळच्या नात्यात किंवा मैत्रीत कोणीतरी मद्यपाशात अडकलेले असणे एवढे पुरते. त्याने दारू सोडलेली असावी, सोडण्याची इच्छा तरी दाखवावी, अशी अट नाही.

सभा शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे एएच्या मदत क्रमांकावर फोन करून कुटुंबीयांची सभा जवळपास कुठे भरते ते विचारणे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे, तिथूनही केंद्रांची माहिती मिळते. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत तर पत्नींसाठी वेगळे गट असतात. फोनवर वार आणि वेळ यांबरोबर भाषाही विचारून घ्यावी, कारण मुंबईत एखादी सभा इंग्रजीत, दुसरी हिंदीत, तिसरी मराठीत असते आणि मनातले बोलायचे तर भाषा आपली लागते. जागा चर्चच्या आवारातली निघाली तर बिचकू नये. खोली तेवढी त्यांची असते, सभेला कोणताही धर्म नसतो.

तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असल्यामुळे दुसऱ्या कोणाची हकिकत मी सांगणार नाही, पण रीत सांगता येईल. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात, प्रारंभी शांतीची प्रार्थना होते, एखादा उतारा वाचला जातो आणि मग एकेकजण आपले पहिले नाव सांगून बोलतो. आडनाव, जात, नवऱ्याचा हुद्दा कोणी विचारत नाही, जे आपल्याकडे अपूर्वच म्हणायचे. बोलणाऱ्याला मध्येच कोणी अडवत नाही आणि ‘तू असे कर’ असे सांगतही नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी चालते. फी नसते, शेवटी एक पिशवी फिरते, तीत जमेल ते टाकावे, आणि नवख्या माणसाने नाही टाकले तरी कोणाची हरकत नसते. देवाचा उल्लेख बराच येतो आणि मला तो सुरुवातीला खटकला होता, पण ज्याने त्याने आपल्याला उमजेल तसा अर्थ घ्यावा इतकी मोकळीक तिथे आहे.

त्याची दारू मी आणली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि ती बरी करणे माझ्या हातात नाही, ही तीन वाक्ये तिथे वारंवार कानावर पडतात. ती पटू लागल्यावर मी खुणा करणे सोडले आणि त्याच्या ऑफिसला ‘ताप आला आहे’ असा फोन करणेही सोडले. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती, कारण त्याचा पगार कापला गेला की झळ घरालाच बसते.

सभेवर नको ते ओझे मात्र टाकू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवेत. घरात मारहाण होत असेल तर आधी १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करावा, सभेचे नंतर पाहता येईल. बाकी, निर्णय घेण्यापूर्वी निदान सहा सभांना येऊन पाहा असे अल-अ‍ॅनॉनमध्येच सांगतात, आणि पहिल्या सभेनंतर अवघडून परतणाऱ्या प्रत्येकीला मीही तेच सांगते. घरी काय सांगून निघायचे, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. मी खरे तेच सांगून निघते; तो चिडला तर वाद घालत बसत नाही, कारण सभा वेळेवर सुरू होते.