दुकानातल्या दिव्यांचं बिल कमी करताना

दुकान बंद झाल्यावर एसी, पंखे, संगणक, सगळं बंद केलं आणि वायरमनदादांना म्हटलं, "आता फक्त पहिली ओळ लावा." १२ ट्यूब लागल्या. मी घड्याळ हातात घेऊन मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजू लागले. आमच्या मीटरवर छापलंय की तो ३,२०० वेळा लुकलुकला की १ युनिट होतं. मिनिटाला २९ वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला १,७४०. एक युनिट म्हणजे १,००० वॅट तासभर, तेव्हा हे झाले जवळपास ५४० वॅट. ट्यूबवर तर ३६ वॅट लिहिलेलं. १२ ट्यूबचे ४३२ व्हायला हवेत. मग वरचे शंभरेक वॅट जात होते कुठे?

दादांनी मेन स्विच पाडून एका फिटिंगची पट्टी उघडली आणि चोकला, म्हणजे ट्यूबमधला विजेचा प्रवाह आवरणाऱ्या भागाला, हात लावायला सांगितलं. चांगलाच तापला होता. जुन्या तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक स्वतःच प्रत्येक ट्यूबमागे ८-९ वॅट खातो, हे मला त्या रात्री कळलं. अशा ५ ओळी, शिवाय ५० वॅटचे २४ हॅलोजन. सगळं मिळून ३,९०० वॅट, रोज १२ तास. दिवसाला जवळजवळ ४७ युनिटं नुसत्या उजेडाची.

मला लगेच सगळ्या ट्यूब बदलायच्या होत्या. दादा म्हणाले, "ताई, आधी उजेड पडतो कुठे ते बघू." त्यांनी लक्समीटर आणला; जागेवर किती उजेड पडतो ते तो लक्समध्ये मोजतो. विक्रीच्या जागेत साधारण ३०० लक्स आणि काउंटरवर ५०० पुरतात. आमच्या मधल्या वाटेत फरशीवर ६२० निघाले आणि कपड्यांच्या खालच्या कप्प्यात १४०! ट्यूबच्या ओळी रॅकना आडव्या होत्या. निम्मा उजेड रॅकच्या माथ्यावर, उरलेला फरशीवर. माल अंधारात. गिऱ्हाईक खालच्या कप्प्याकडे वाकत नाही म्हणून मी इतके दिवस मांडणीला दोष देत होते.

म्हणून आधी जागा बदलल्या. ओळी वाटांच्या वर, वाटेच्या लांबीने घेतल्या. ५ ऐवजी ३ ओळींत, ३६ फिटिंगमध्ये काम भागलं. छताचा पिवळट झालेला रंग पांढरा केला, त्याचाही उपयोग झाला. आज कोणी विचारलं तर मी हेच आधी करायला सांगेन, कारण काढून टाकलेली ट्यूब शून्य वॅट घेते.

एलईडी निवडताना मात्र चुकले. १८ वॅटच्या, ६,५०० केल्विनच्या स्वस्त ट्यूब घेतल्या. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर पांढरा. दुकान लख्ख झालं, पण चारच दिवसांत गिऱ्हाइकं कपडा हातात घेऊन दारापर्यंत जायला लागली. गडद निळा आणि काळा एकच दिसत होता, लाल रंग मळकट. खोक्यावर सीआरआयचा आकडाच नव्हता. हा आकडा दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगतो. हॅलोजनचा १०० च्या जवळ असतो. त्या ट्यूब गोदामात लावल्या आणि दुकानासाठी ४,००० केल्विनच्या, सीआरआय ९० च्या आणल्या. तेवढ्याच वॅटला त्या उजेड थोडा कमी देतात, महागही पडतात. कापडाच्या दुकानात तो खर्च करायलाच हवा.

चोक काढून ट्यूब थेट जोडल्या. दादांनी प्रत्येक फिटिंगवर चिठ्ठी चिकटवली: 'चोक नाही, जुनी ट्यूब लावू नये.' पुढे कोणी अनोळखी माणूस दुरुस्तीला आला, तर त्याच्या जिवाची काळजी ही चिठ्ठी घेईल.

हॅलोजनच्या जागी ७ वॅटचे एलईडी लावले, तर ते थरथरायला लागले. जुन्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला चालायला किमान काही भार लागतो. ७ वॅट त्याला पुरत नव्हते. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारे डबे, बसवले. पुतळ्यांवरचा उजेड तरी सपाट वाटे, कारण झोत ६० अंशांचा होता. २४ अंशांचे दिवे लावले आणि तेवढ्याच वॅटमध्ये पुतळे उठून दिसू लागले.

गोदामात माणूस आला की लागणारा सेन्सर बसवला, पाटीला टायमर. ट्रायल रूममध्ये मुद्दाम काही कमी केलं नाही; खरेदीचा निर्णय तिथेच होतो.

आता आमचा विक्रीच्या भागातला दिव्यांचा भार ८१६ वॅट आहे, १२ तासांचे १० युनिटांच्या आत. शिवाय दिवा जेवढी वीज घेतो तेवढी शेवटी उष्णता होऊन दुकानातच राहते. ती ३,००० वॅटने घटल्यामुळे एसी आता दुपारी थांबून थांबून चालतो, पूर्वी थांबतच नसे.

राहिली दर्शनी काच. मला वाटायचं तिथे रात्रीच जास्त दिवे लागतात. उलटं निघालं. भर दुपारी काचेत रस्त्याचंच प्रतिबिंब दिसतं, आतला उजेड कमी पडला तर माल दिसतच नाही. अंधार पडल्यावर निम्मे दिवेही पुरतात. म्हणून तिथे दोन वेगळी बटणं करून घेतली आहेत. संध्याकाळी बाहेरचे दिवे लागले की त्यातलं एक मी बंद करते.